दवण्याचा अर्क घरी काढायचा तर भपका कुठला घ्यावा?

नमस्कार. तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही कोल्हापुरात, राजारामपुरीत फ्लॅटमध्ये राहता. जोतिबाला वाहतात त्या दवण्याचा आणि आईनं गच्चीवर लावलेल्या गवती चहाचा अर्क, जमलंच तर तेलही, तुम्हाला घरी काढून बघायचंय. समोर दोन पर्याय आहेत. एक ऑनलाइन मिळणारा ५ लिटरचा देखणा तांब्याचा भपका, म्हणजे वाफेवर अर्क काढायचं यंत्र, दुसरा उद्यमनगरातले ओळखीचे फॅब्रिकेटर करून देतो म्हणतात तो ५० लिटरचा स्टीलचा. यातला कुठला घेऊ, असं विचारलंय. शिवाय याच भांड्यात पुढे काकवी आंबवून दारू गाळता येईल का, असंही जाता जाता विचारलंय.

शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण त्यात अडकलात तर बाकीचं सगळं वाया जाईल. दारूचं डोक्यातून काढून टाका. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ खाली परवान्याशिवाय दारू गाळणं हा गुन्हा आहेच, पण दारू गाळण्यासाठी भट्टी किंवा भांडीकुंडी जवळ बाळगणं हासुद्धा गुन्हा आहे. थोडीशी, घरापुरती, प्रयोग म्हणून, अशी सूट त्यात नाही. शिवाय पेटत्या गॅसशेजारी मद्याची वाफ निसटली तर फ्लॅटमध्ये काय होईल याची कल्पना करा. गवताचा आणि पानाफुलांचा अर्क काढणं हे वेगळं काम आहे आणि ते मी तुम्हाला आनंदानं सांगते. पण त्या भांड्यात आंबवलेली कुठलीही गोष्ट कधीच घालू नका.

आता मूळ मुद्दा. तुम्ही लिटर आणि धातू विचारताय. मी पन्हाळ्याच्या वाटेवर गेली सोळा वर्षं गवती चहा, वाळा, दवणा, हळदीची पानं असं ऊर्ध्वपातन करते. नव्यानं येणारा प्रत्येक जण याच दोन गोष्टींपासून सुरुवात करतो. त्याआधी ठरवायचं असतं ते हे: तुम्हाला अर्क हवाय की तेल? अर्क म्हणजे वाफेचं परत झालेलं सुगंधी पाणी. तेल म्हणजे त्या पाण्यावर तरंगणारा पातळ थर. दोन्ही एकाच वेळी उतरतात, पण दोन्हींचं गणित फार वेगळं आहे.

गणित मांडूनच बघू. ताज्या गवती चहातून वजनाच्या ०.२ ते ०.५ टक्के तेल मिळतं. म्हणजे किलोभर गवतामागे २ ते ५ मिली. दवण्यात ते साधारण ०.१ ते ०.२ टक्के, म्हणजे किलोला १ ते २ मिली. गुलाबाचं विचाराल तर एक किलो तेलाला साडेतीन-चार हजार किलो पाकळ्या लागतात. त्यामुळे घरी गुलाबाचं तेल हा विषयच नाही, घरी निघतं ते गुलाबजल. आणि ते काही दुय्यम नाही. गुलाबाच्या वासातला एक मोठा भाग पाण्यात विरघळणारा असतो, तो तेलात फारसा येतच नाही, गुलाबजलात उतरतो.

आता भांड्यात माल किती मावतो ते पाहा. चिरलेला गवती चहा हलक्या हातानं दाबून भरला तर माझ्या अनुभवात लिटरभर जागेत दोनेकशे ग्रॅम बसतो. ५ लिटरच्या भपक्यात खाली पाणी आणि वर मोकळी जागा सोडली की मालाला अडीच लिटर उरतात, म्हणजे अर्धा किलो. त्यातून गवती चहाचं तेल १ ते अडीच मिली. दवण्याचं अर्धा ते एक मिली, आणि तेही नळीच्या आतल्या बाजूला आणि काचेला चिकटून जवळपास संपतं. त्या भांड्यात अर्क छान निघेल, तेल मात्र दिसेल आणि हाती लागणार नाही. माणूस तिथेच हिरमुसतो, आणि भपका शोकेसमध्ये जाऊन बसतो.

मग ५० लिटरचा? त्यात सहा-सात किलो माल बसेल, तेल दिसण्याइतकं मिळेल. पण तळाशी पंधराएक लिटर पाणी लागेल, आणि घरच्या शेगडीवर ते उकळायलाच तास जाईल. भरलेलं भांडं पंचवीस-तीस किलोंचं होणार, ते ओट्यावर ठेवायचं नाही. शिवाय तेवढ्या मालातून वेळेत तेल काढायला वाफही जास्त हवी आणि ती थंड करायला पाणीही. हे अंगणातलं भांडं आहे, फ्लॅटमधलं नव्हे. दर वेळी सात किलो दवणा आणणं तरी कुठं परवडतं? आणि शिकताना पहिले चार-पाच घाणे बिघडणारच. ते दोन किलोंचे बिघडलेले बरे.

म्हणून तुमच्या जागी मी असते तर १५ ते २० लिटरचं घेतलं असतं. पाच-सहा लिटर पाणी, दीड-दोन किलो माल, अर्ध्या तासाच्या आत उकळी. गवती चहाचं ४ ते १० मिली तेल, दवण्याचं २ ते ४, आणि सोबत दोन-तीन लिटर अर्क. तुमच्याकडे अंगण असतं किंवा शेतावर करणार असता, तर उत्तर बदललं असतं. फक्त गुलाबजल आणि ओव्याचा अर्क हवा असता तर ५ लिटरचा पुरला असता. घरच्या जागेवर आणि हेतूवर हे फार अवलंबून आहे.

धातूबद्दल लोक हिरिरीनं बोलतात. मला त्यात इतका जीव वाटत नाही, पण कारणं सांगते. तांबं उष्णता झटकन पसरवतं, त्यामुळे तळाला माल करपत नाही. पाल्यातला गंधकाचा कुबट वासही तांबं ओढून घेतं. मी उत्तर प्रदेशात, अत्तरांच्या कनौजला शिकायला गेले तेव्हा तिथली तांब्याची देग (माल उकळायचं भांडं), बांबूचा चोंगा (वाफेची नळी) आणि पाण्याच्या हौदात ठेवलेला भपका बघत तासन्तास बसले होते. खरं तर भपका म्हणजे तिथं फक्त अर्क गोळा करायचं भांडं, आपल्याकडे सगळ्या यंत्रालाच भपका म्हणायची सवय पडलीय. तर, तांबं उत्तम, पण त्याची निगा राखावी लागते. ओलं राहिलं की हिरवा कळंक धरतो, आणि पुढच्या वेळी तो अर्कात उतरतो. घरात रोज वापर नसेल तर ३०४ प्रतीचं स्टील बिनघोर. जाळीवर पाला ठेवून वाफेवर काढलं की पाल्याचा तळाशी संबंधच येत नाही, त्यामुळे स्टीलमध्ये करपण्याची भीती तशीही उरत नाही. ॲल्युमिनियम मी वापरत नाही. काचेचा प्रयोगशाळेतला संच मोजमापाला फार छान, पण दोन लिटरच्या पुढे महाग आणि ठिसूळ.

आपल्याकडे एक मोह हमखास होतो, माळ्यावर पडलेला आजीचा तांब्याचा बंब. तो वापरू नका. जुन्या बंबाचे सांधे बरेचदा शिसं वापरून झाळलेले असतात आणि आत वर्षानुवर्षांच्या पाण्याचा चुना बसलेला असतो. शिसं पोटात जाणं हा खेळ नव्हे. तसंच गाडीचा किंवा फ्रिजचा जुना रेडिएटर वाफ थंड करायला कंडेन्सर म्हणून जोडा, असं कोणी सुचवलं तर कानाआड करा.

त्यापेक्षा कोल्हापुरात राहण्याचा फायदा घ्या. आपल्या जिल्ह्यात दुधाचा धंदा गावोगाव आहे, त्यामुळे २० लिटरचा स्टीलचा दुधाचा कॅन सहज मिळतो. जाड पत्रा, रुंद तोंड, आतून गुळगुळीत, धुवायला सोपा. माझं शिकवण्याचं भांडं आजही तेच आहे. फॅब्रिकेटरांकडून तीन गोष्टी करून घ्यायच्या. पहिली, तळापासून चार-साडेचार इंच उंचीवर बसणारी सच्छिद्र जाळी, पाय असलेली आणि काढता येणारी. दुसरी, झाकणावर आर्गन वेल्डिंगनं बसवलेली वाफेची नळी, १ इंचापेक्षा बारीक नको. तिसरी, डेअरीच्या पाइपला असतो तसा क्लॅम्प, म्हणजे नळी पान्याशिवाय सुटी करता येईल. वेल्डिंग आतूनही घासून गुळगुळीत करायला सांगा, नाहीतर त्या खाचांत वास बसून राहतो. इंडक्शनवर चालवायचं असेल तर कॅनच्या बुडाला आधी चुंबक लावून बघा. ३०४ स्टीलला ते बहुतेक वेळा धरत नाही, आणि तांब्याला तर नाहीच.

आता ज्याबद्दल तुम्ही काहीच विचारलं नाहीत, पण ज्यावर सगळं अवलंबून आहे ते, वाफ थंड करणारी नळी. कंडेन्सर.

दुसऱ्या वर्षीची गोष्ट आहे. चैत्रात मी चार किलो दवणा आणला होता. भांडं नवंकोरं होतं, त्याच्यावर सगळे पैसे घातले होते. नळी मात्र दीड मीटरची, एका बादलीत वेटोळं करून बसवलेली. तासाभरात सगळं घर दवण्याच्या वासानं भरून गेलं. शेजारच्या काकू दारात येऊन म्हणाल्या, काय गं, घरात जोतिबाच आलाय जणू. मीही खूश. संध्याकाळी बाटलीत बघितलं तर कोमट पाणी, वरती तवंगसुद्धा नाही. बादलीत हात घातला आणि पटकन मागे घेतला, इतकं पाणी तापलेलं. त्या दिवशी कळलं: घरात दरवळणारा वास हा बाटलीत यायचा राहिलेला माल असतो. काम नीट चाललं असेल तर खोलीत जेमतेम वास येतो.

याचंही गणित आहे. एक लिटर पाण्याची वाफ परत पाणी होताना सुमारे २२५७ किलोज्यूल उष्णता सोडते. ते पाणी कोमट होईपर्यंत धरलं तर अडीच हजार. तासाला एक लिटर अर्क उतरवायचा आणि थंड पाणी ३० अंशांनी तापू द्यायचं ठरवलं, तर तासाला सुमारे २० लिटर थंड पाणी लागतं. फ्लॅटमध्ये नळ सोडून ठेवून एवढं पाणी गटारात घालवू नका. १०० लिटरचं पिंप घ्या आणि वेटोळं सरळ त्यातच बुडवा. तीन लिटर अर्क उतरेपर्यंत ते पाणी १८ अंशांच्या आसपास तापतं. हिवाळ्यात हे सहज चालतं. चैत्रात गच्चीवरच्या टाकीचं पाणीच तापलेलं असतं, तेव्हा पाणी रात्री भरून ठेवायचं आणि शेवटच्या तासाला फ्रीझरमधल्या गोठवलेल्या बाटल्या पिंपात सोडायच्या. गरम पाणी वर चढतं, म्हणून पिंप उंच असलेलं बरं: वाफ वरून येते, अर्क तळाजवळून बाहेर पडतो, आणि तळाचं पाणी शेवटपर्यंत गार राहतं.

नळी अर्धा इंची आणि निदान तीन मीटर घ्या. एसी दुरुस्तीवाल्यांकडे मिळणारी तांब्याची नवी नळी मऊ असते, वाळू भरून गोल वळवता येते. अर्क पोटात घेणार असाल तर मात्र नळीही स्टीलचीच करून घ्या. एक पथ्य पाळा: वेटोळ्याला सुरुवातीपासून शेवटपर्यंत उतार हवा. मध्ये कुठे झोळ पडला की तिथं पाणी साचतं, वाफ अडते आणि अर्क गुळण्या टाकत येतो.

याला जोडूनच सुरक्षेचं. आपण दाबावर काम करत नाही. भांड्यातून बाटलीपर्यंतची वाट सतत उघडी असली पाहिजे, मध्ये एकही तोटी नको. प्रेशर कुकरच्या शिट्टीच्या जागी बारीक नळी बसवून अर्क काढण्याचे व्हिडिओ फिरतात. पाल्याचा एक तुकडा त्या नळीत अडकला तर काय होईल, एवढाच विचार करा. झाकणाचा सांधा मी आजही कणकेनं लिंपते. घट्ट मळलेली कणीक, वरून ओल्या कापडाची पट्टी. वाफ लागली की ती भाजून घट्ट बसते, आणि चुकून दाब वाढलाच तर पहिल्यांदा तीच फुटते. रबरी वॉशर तेल शोषतात, मग गवती चहानंतर काढलेल्या गुलाबजलाला लिंबाचा वास येतो. प्लॅस्टिकच्या नळ्या तर नकोतच, तेल त्यांना मऊ करतं आणि त्यांचं काहीबाही अर्कात उतरतं. बाटली गॅसच्या जवळ ठेवू नका, तेल पेट घेतं. आणि नळीचं टोक अर्कात बुडलेलं नको. गॅस बंद केला की आतली वाफ आक्रसते आणि भांडं तो अर्क उलटा ओढून घेतं. माझा पाऊण लिटर वाळ्याचा अर्क असाच एकदा परत गेला.

थर्मामीटर बसवलात तर घाबरू नका, तो शंभराला पोचणार नाही. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे, इथं पाणीच ९८ अंशांच्या आसपास उकळतं. तेलं एरवी दीडशे-दोनशे अंशांच्या पुढे उकळणारी, पण पाण्याच्या सोबतीनं त्याहूनही जरा खालच्या तापमानाला वाफेबरोबर चालती होतात. त्यामुळे आकडा बघत बसण्यापेक्षा धार बघा. सुतळीएवढी बारीक, न तुटणारी आणि हाताला गार लागणारी धार हवी. धार गरम लागली की आच कमी करायची.

तेल वेगळं करायला २५० मिलीचं, खाली तोटी असलेलं काचेचं नरसाळं घ्या, प्रयोगशाळेच्या दुकानात मिळतं. गवती चहाचं आणि दवण्याचं तेल वर तरंगतं. लवंगेचं किंवा दालचिनीच्या पानाचं पाण्याहून जड, ते तळाला बसतं. हे माहीत नसेल तर माणूस वरचं पाणी जपून ठेवतो आणि तेल मोरीत ओततो.

भांडं आलं की पहिल्यांदा नुसतं पाणी उकळा. स्टीलचा थंड चमचा प्रत्येक सांध्याजवळ धरा. दव धरलं की तिथून गळतंय. दुसऱ्यांदा पाण्यात लिंबूसत्त्व घालून अर्धा तास वाफ काढा आणि ते पाणी फेकून द्या. तिसऱ्यांदा गवती चहा. शिकायला याच्यासारखा गुरू नाही, कारण त्याचं तेल भरपूर आणि लवकर येतं. पाती बोटभर चिरून अर्धा दिवस सावलीत सुकवा. उकळी आल्यावर पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत नरसाळ्याच्या काचेला फिकट सोनेरी थेंब चिकटायला लागतात, एकमेकांकडे सरकतात आणि मग एकदम त्यांची साय होते. माझ्याकडे येणाऱ्या पोरी हे बघताना बोलायच्या थांबतात. दीड-दोन तासांत बहुतेक तेल येऊन जातं, मग वासात उकडलेल्या गवताची झाक यायला लागते. तिथं थांबायचं. हे तेल तसंच अंगाला लावू नका, आग होते. अर्क गडद काचेच्या बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवा आणि दोन-तीन महिन्यांत संपवा, त्यात टिकाऊपणासाठी काही घातलेलं नसतं. पुढं विकायचं मनात आलं तर आधी परवान्यांची चौकशी करा, सौंदर्यप्रसाधनं विकायला बनवायची तर परवाना लागतोच.

गवती चहाचे तीन घाणे झाले, तेलाचा आकडा दर वेळी जवळपास सारखा आला, की मगच दवण्याला हात लावा. दर वेळी वहीत मालाचं वजन, आच सुरू केल्याची वेळ, पहिला थेंब, धारेची ऊब आणि शेवटी किती मिली एवढं लिहा. दवण्याचं तेल गवती चहासारखं धावत येत नाही. दाटसर असतं, मंद आचेवर पाच-सहा तास घेतं, आणि दुसऱ्या-तिसऱ्या तासाला वास असा काही बदलतो की आधीचा हिरवा कडवटपणा जाऊन पिकल्या फळासारखा गोडवा येतो. मी पहिले दोन तास एका बाटलीत आणि पुढचं दुसऱ्या बाटलीत घेते, म्हणजे फरक कळतो.

चैत्रात दवणा घ्यायला जाल तेव्हा नुसती हिरवीगार जुडी बघून भुलू नका. तेल मुख्यतः फुलांच्या बारीक बोंडक्यांत असतं. बोंडक्या धरलेली, किंचित पिवळसर झालेली जुडी मागा, चोळून वास घ्या, आणि घरी आणून एक-दोन दिवस सावलीत पसरून ठेवा. जोतिबाच्या डोंगरावर यात्रेच्या गर्दीत मिळतो तो दवणा बरेचदा पाणी मारून ताजा ठेवलेला असतो. तो देवाला वाहायला चांगला, भांड्यात घालायला मात्र पिकवणाऱ्या शेतकऱ्याकडून थेट आणा.

फॅब्रिकेटरांना द्यायच्या आराखड्यात जाळीची उंची आणि वाफेच्या नळीचा उतार लिहायला विसरू नका. काढलात की इथं टाका, वेल्डिंगला जाण्याआधी मी बघून देईन.